हललेलं पुसलं जातं

१

घर विकायला काढलेली माणसं घरातून मात्र हलायला तयार नसतात. मी फोटो काढायला गेले की हमखास कुणाला तरी पाणी प्यायचं असतं, कुणाचा चष्मा त्याच खोलीत राहिलेला असतो, आणि सासरेबुवा पाय लांब करून पेपर वाचत असतात ते नेमके खिडकीसमोर. विकायच्या घरांचे फोटो काढणं हे माझं काम. पूर्वी मी सगळ्यांना हात जोडायची, "पाच मिनिटं बाहेर थांबता का?" आता जोडत नाही. आता सांगते, "हवं तेवढं या-जा, फक्त हलत राहा."

ही किमया फोनमधल्या एका अ‍ॅपची. ते बनवलंय कलाकार लोकांसाठी. धबधब्याचं दूध करायचं, गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा ओढायच्या, ढगांचा कापूस पिंजायचा, असले चाळे त्यात करता येतात. मला त्यातला एकच चाळा कामाचा वाटला. फोन स्टँडवर ठेवायचा, बटण दाबायचं आणि बराच वेळ तसाच राहू द्यायचा. तो फोटोमागून फोटो घेत राहतो आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक करतो. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसलं जातं, जे जागचं हललं नाही ते राहतं. मधे थोडा वेळ कुणी रेंगाळलं तर तिथे डाग पडतो. आणि पूर्ण वेळ कुणी ढिम्म बसलं तर तो माणूस कपाटासारखा लख्ख उठतो. शिवाय अंधाऱ्या खोल्याही यात उजळ दिसतात, त्यामुळे घर रिकामं असलं तरी मी फोटो असाच काढते.

आमची मुलगी आठ वर्षांची. जिथे ठेवावी तिथे बसून राहणारी, म्हणून तिच्या बाबानं नाव ठेवलं गोणी. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली की जेवायला हाक मारेपर्यंत तिथेच. पण या अ‍ॅपचं तिला भारी वेड. त्यात तिनं मला मिशा काढल्या, बाबाला निळं केलं. सुट्टी लागल्यावर मी तिला कामावर बरोबर न्यायला लागले, तेव्हा तिला एक खेळ सापडला. मी बटण दाबलं की ती खोलीभर पळत सुटायची. फोटो झाला की धापा टाकत यायची आणि विचारायची, "आई, मी आहे?"

मी फोटो दाखवून म्हणायची, "नाहीस."

यावर ती पोट धरून हसायची. जन्मात कधी धावली नाही ती मुलगी, नाहीशी व्हायला मिळतं म्हणून धावायची. मलाही गंमत वाटायची.

२

तो फ्लॅट वरच्या मजल्यावर, पॅसेजच्या शेवटी होता. बरेच दिवस बंद असावा. एजंटनं कुलूप उघडलं, तेव्हा आतून दमट कापडासारखा वास आला. बाहेरची खोली मोठी, तिच्यामागे एक छोटी खोली. सामान सगळं गेलेलं, फक्त भिंतीतलं एक कपाट होतं आणि त्याचं दार नीट लागत नव्हतं. लोटलं की हळूहळू परत उघडायचं.

"ताई, कपाटाचं दार तेवढं फोटोत बंद दिसू दे," एजंट म्हणाला.

"मग तुम्ही धरून उभे राहा. छान याल फोटोत."

तो हसून बाहेर गेला. मी दाराच्या फटीत कागदाची घडी कोंबली, स्टँड लावला, बटण दाबलं. गोणी पळायला लागली. रिकाम्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज दुप्पट व्हायचा, जशी दोन मुलं पळताहेत.

फोटो चांगला आला होता. पण कपाटाशेजारी एक करडा डाग होता. धूर गोठल्यासारखा, आणि उंची बरोबर आमच्या बाईसाहेबांएवढी.

"दमलीस ना? थांबलीस ना तिथे?"

"नाही थांबले."

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत."

पुन्हा फोटो काढला. डाग पुन्हा तिथेच, आणि पहिल्यापेक्षा गडद. म्हणजे या खेपेला ती जास्त वेळ उभी राहिली, असा सरळ हिशेब मी केला. तिच्या आळसाची मला सवयच होती. घरी जाऊन पुसू म्हणून मी सामान आवरलं, आणि घरी गेल्यावर विसरून तसाच फोटो पाठवून दिला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटचा फोन आला.

"ताई, फोटो एक नंबर. पण कपाटाशी मुलगी कशाला उभी केलीत?"

"मुलगी नाही हो, डाग आहे तो."

"डागाला पाय असतात का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. करड्या धुरकट पट्ट्याच्या खाली फ्रॉकचा काठ होता. काठाखाली दोन अनवाणी पावलं, टाचा जुळवलेली. काठाच्या वरचं काही ओळखू येत नव्हतं. मी गोणीला बोलावलं आणि चांगली खडसावली. पळायचं नसेल तर सरळ सांग, पण खोटं बोलायचं नाही, वगैरे. ती रडायला लागली.

"मी पळतच होते! तू बघत होतीस ना माझ्याकडे?"

मी तिच्याकडे बघत नव्हते. मी फोनकडे बघत होते. म्हणून मी आणखीच रागावले. तेव्हा एवढंच सुचलं नाही, की गोणीनं काल पँट घातली होती.

४

ते सुचलं, फोटो पुन्हा काढायला त्याच खोलीत गेल्यावर. स्टँड लावता लावता हात थांबला. पण लगेच मनाला समजावलं, की अ‍ॅप चुकलं असेल. इतके फोटो एकमेकांत मिसळतं ते, एखादा जुना फोटो मिसळला असेल. कुठल्या तरी घरातली कुठली तरी मुलगी. फोनची काच रुमालानं पुसली आणि मनही तसंच पुसलं.

"आज मी फोनकडे बघणारच नाही," मी गोणीला म्हटलं. "तुझ्याकडेच बघते. बघूया कोण खरं बोलतंय."

ती इरेला पेटली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कपाटावरून वळसा घालून, पुन्हा भिंतीपर्यंत. कानापर्यंत कापलेले तिचे केस उडत होते, तोंड लाल झालं होतं. एकदाही थांबली नाही. मी डोळ्याची पापणीसुद्धा नाइलाजानं लववली. कपाटापाशी कुणी नव्हतं. उघड्या डोळ्यांनी, दिवसाउजेडी सांगते, कुणी नव्हतं.

फोन टुणकन वाजला. मी पाहिलं.

कपाटाशी भिंतीकडे तोंड करून एक मुलगी उभी होती. धुरकट नाही, जवळजवळ स्वच्छ. फ्रॉक, अनवाणी पाय, पाठीवर दोन वेण्या. फक्त वेण्यांची टोकं थोडी पुसट होती. बाकी सगळं तिनं स्थिर धरलं होतं. पहिल्या फोटोत धूर, दुसऱ्यात पाय, आता ही. थांबणं तिला दर खेपेला जास्त चांगलं जमत होतं.

गोणी धापा टाकत आली आणि माझ्या कोपराशी लोंबकळली. "आई, मी आहे?"

"नाहीस," मी म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

"दाखव ना."

"चल घरी."

"मी थांबले नव्हते ना? बघितलंस ना?"

"बघितलं. तूच खरी." मी तिचा हात इतका घट्ट धरला, की ती कळवळली.

५

घरी मी नवऱ्याला फोटो दाखवला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्याच्या लेखी जगातल्या प्रत्येक भानगडीचं मूळ सुटलेल्या वायरीत असतं. "अ‍ॅप काढून टाक, परत टाक. साठलेला कचरा असतो," तो म्हणाला. मला हे इतकं पटलं, की जीव भांड्यात पडला.

मी तसं केलं. एजंट फोनवर फोन करत होता, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून तिसऱ्यांदा गेले. गोणीला घरी ठेवायला कुणी नव्हतं. पण या खेपेला तिला आत येऊच दिलं नाही. पॅसेजमध्ये जिन्याच्या पायरीवर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि एजंटला सांगितलं, "हिच्यावर लक्ष ठेवा. जागची उठू देऊ नका."

"ती कसली उठतेय," तो म्हणाला.

आत मी एकटी. बटण दाबलं आणि स्टँडच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी पळत नव्हतं. कपाटाच्या दारातली कागदाची घडी हळूच खाली पडली आणि दार इंचभर उघडलं, तेवढाच काय तो आवाज. मग फोन वाजला.

खोली रिकामी होती. फोटोत काहीही नव्हतं. कपाट, फरशी, खिडकी. मी मोठा करून कोपरा न् कोपरा पाहिला आणि एकटीच मोठ्यानं हसले. कसलं काय आणि कसलं काय!

तेवढ्यात मागच्या खोलीतून पावलं वाजली. गोणी दारात आली.

"आत कधी आलीस गं?"

"आत्ताच."

बाहेरचं दार माझ्या पाठीशी होतं. मी फोनमध्ये डोकं खुपसलेलं असताना गेली असेल मागून, असं वाटलं. तिनं माझा हात धरला आणि ओढायला लागली. "चल, चल ना."

पॅसेजमध्ये एजंट नव्हता. खालून त्याचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. पायरीवर गोणीची बाटली तशीच राहिली होती. मी ती उचलायला गेले, तर पट्टा कशात तरी अडकल्यासारखा वाटला. जरा हिसका दिल्यावर सुटला.

६

त्या दिवसापासून आमच्या गोणीची भिंगरी झाली.

बसेना. जेवताना घास घेऊन फेरी मारून यायची. टीव्ही बघताना एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिचा बाबा खूश. "चला, पोरीच्या अंगात वारं आलं एकदाचं!" तो म्हणाला. वाढीचं वय असतं, असंही म्हणाला. मीही हसले. पण ती सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसत नव्हती. बसत नव्हती ते ठीक, पण पळताना सुद्धा त्या कोपऱ्याला वळसा घालून जायची. तिथे कुणी पाय पसरून बसलं असावं तशी. आणि इतकं पळून तिला धाप लागत नव्हती.

एका दुपारी ती झोपली असताना मी चादर सारखी करायला गेले. चादरीखाली पाय चालत होते. झोपेत पोरं लाथा मारतात तसे नाही. एका लयीत, एकामागून एक, रस्त्यानं चालावं तसे. मी दोन्ही हातांनी ते धरले. माझ्या हातांखालीही ते रेटा देत राहिले. तोंड शांत, श्वास शांत, आणि पाय चाललेले.

मी तिच्या कानामागचा तीळ पाहिला. तीळ जागच्या जागी होता. आपल्याच पोटच्या पोरीचा तीळ तपासतोय, याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी दुसऱ्यांदा पाहिला.

त्याच संध्याकाळी एजंटचा फोन आला. फोटो गिऱ्हाइकाला आवडले होते. ठेवता ठेवता म्हणाला, "तुमची मुलगी भलती शिस्तीची हो. तुम्ही आत होता तेवढा वेळ पायरीवरून हलली नाही."

"हलली नाही कशी? आत आली होती की."

"कुठून येईल ताई? दार अडवून मीच उभा होतो. तुम्ही आत मोठ्यानं हसलात ना, तेव्हाच माझा फोन वाजला, म्हणून मी खाली गेलो. तेव्हासुद्धा ती पायरीवरच होती. मला टाटा केलं तिनं."

मी हसले होते, आणि ती मागच्या खोलीतून आली होती. मागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. फोन कानाला लावून मी तशीच उभी राहिले. स्वयंपाकघरातून पावलं बाहेर आली, माझ्याभोवती फिरली आणि परत आत गेली.

७

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी सोफ्यासमोर स्टँड लावला. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं.

"खेळायचं का?" मी विचारलं. गोणी अशी हाक तोंडातून निघेना.

तिला आनंद झाला. ती पळायला लागली. खिडकीपासून दारापर्यंत, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याला वळसा घालून, पुन्हा खिडकीपर्यंत. मी तिच्यावरची नजर काढली नाही. सोफ्यावर कुणी नव्हतं. उशीसुद्धा दबलेली नव्हती. फोन वाजला तसा मी तो स्टँडवरून काढला.

पळणारी पुसली गेली होती. तिचा मागमूस नव्हता.

सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात माझी गोणी बसली होती.

पायरीवर बसवलं त्या दिवसाचेच कपडे. शाळेच्या वर्गाच्या फोटोत बसवतात तशी ताठ, हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर थेट फोनकडे. केसांची बट न् बट लख्ख. उजव्या तळव्यावर लाल वळ होता, बाटलीचा पट्टा हातातून हिसकून घेतल्यावर उठतो तसा. ती श्वास रोखून बसली असणार. खेळाचा नियम तिला माझ्याइतकाच पाठ होता. जे हलत नाही तेच फोटोत राहतं. तेव्हा दिसायचं असेल तर अजिबात हलायचं नाही. फक्त डोळे थोडे पुसट होते. तेवढं पाणी तिला थांबवता आलं नसावं.

आपलं मूल घरात आहे, आपल्याच सोफ्यावर आहे, आणि किती दिवस आपण त्याच्या अंगावरून इकडून तिकडे जातोय!

कुणीतरी माझ्या कोपराशी लोंबकळलं.

"आई, मी आहे?"

मी फोन छातीशी धरला. "नाहीस," म्हणाले.

ती पोट धरून हसली. हुबेहूब तसंच.

८

कोपऱ्यात हात फिरवून पाहिला. नुसतं कापड. "बाळा," म्हणून पाहिलं. मग कळलं, की रडून-ओरडून, चाचपून ती मला सापडायची नाही. फोनला दिसते ती. मग मलाही फोनसमोर जायला हवं, ती बसते तशी बसायला हवं. एका फोटोत आम्ही दोघी आलो, तर निदान तिला कळेल की आईला दिसलं. त्यापुढचं मला काही सुचत नव्हतं, अजूनही सुचत नाही.

स्टँड मागे घेतला. दुसरीला म्हटलं, "आता खूप वेळ पळायचं. काही झालं तरी थांबायचं नाही."

"का?"

"मोठा खेळ आहे."

बटण दाबून सोफ्याच्या मध्यावर बसले. डावा हात कोपऱ्याकडे रिकाम्या जागेवर ठेवला, तळवा वर करून. पाठ ताठ केली आणि फोनच्या भिंगाकडे नजर लावली. नाकाशी खाज सुटली, सुटू दिली. डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून भाजीचे भाव आठवत राहिले. पावलं खिडकीकडे गेली, दाराकडे आली, सोफ्यामागून फिरली.

"आई, आता थांबू?"

मी उत्तर दिलं नाही. ओठ हलले असते.

पुन्हा एक फेरी. या खेपेला हळू.

"आई? मला येतं आता थांबायला. थांबू?"

खिडकीपाशी पावलं थांबली. किती तरी वेळ काहीच आवाज नव्हता. मग माझ्या उजव्या बाजूला सोफा दबला आणि खांद्यावर एक डोकं टेकलं. ऊबदार, जड, अगदी स्थिर. कानाशी श्वास नव्हता.

डाव्या तळव्यावर अजून काही पडलेलं नव्हतं. समोर फोन एकामागून एक फोटो घेत होता. मी हलले नाही.